डाव्या कोपऱ्यातला वारा

नागोराव जोगदंड हिंगोलीकडून बोईसरला आले ते अठ्ठ्याहत्तर साली. नांदेडच्या आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा दाखला आणि एक लोखंडी पेटी एवढंच त्यांच्याजवळ होतं. तेव्हापासून सतरा वर्षं ते एकाच कारखान्यात होते. कुंभवलीच्या बाजूला धर्माजी राऊतांचं फॅब्रिकेशनचं शेड होतं आणि तिथं ट्रे ड्रायर बनत. ड्रायर म्हणजे पत्र्याचं भलंमोठं कपाट. आत एकावर एक ट्रे, वर पंखा आणि हीटर. औषधाच्या कंपन्या त्यात पावडर वाळवायच्या, कुणी रंग वाळवायचं. प्रत्येक ड्रायरचं ड्रॉइंग नागोरावांच्या हातचं असे. त्यांच्या ड्रॉइंगवर खाडाखोड सापडली नाही, असं धर्माजीशेठ गिऱ्हाइकांना सांगत, आणि ते खरं होतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर शेठनी ऑफिसात संगणक घेतला. मुंबईच्या प्रदर्शनात त्यांनी एक प्रोग्राम पाहिला होता. मोजलेले आकडे भरले की हवेच्या प्रवाहाचं चित्र पडद्यावर दिसतं. चार फ्लॉप्या आणि एक जाड इंग्रजी पुस्तक नागोरावांच्या टेबलावर ठेवत शेठ म्हणाले, "हे तुम्हीच शिका. पोरांच्या हातात दिलं तर खेळ करतील."

नागोराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. महिनाभर ते शब्दकोश शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचत. माऊस सुरुवातीला त्यांच्या हातात नीट बसेना, कारण त्या हाताला टोकदार पेन्सिलीची सवय होती. पण हळूहळू जमलं. डिसेंबरात त्यांनी पहिला आलेख काढला तेव्हा शेठना बोलावून दाखवला आणि स्वतः चहा सांगितला.

त्याच सुमाराला वाणगावहून तक्रार आली. तिथं बायकांच्या एका सहकारी संस्थेनं चिकू वाळवायला यांचाच ड्रायर घेतला होता. चिकूच्या फोडी जाळीच्या ट्रेवर पसरायच्या, रात्रभर गरम हवेत ठेवायच्या, सकाळी पाकिटात भरायच्या. पण खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या फोडी सकाळीही चिकट निघत आणि दोन दिवसांत त्यांना बुरशी येई. संस्थेचे सेक्रेटरी भगवंत सावे यांनी लिहिलं होतं, "आपल्या यंत्राच्या त्या भागात हवा पोहोचत नसावी."

नागोराव शटल गाडीने वाणगावला गेले. सोबत हवेचा वेग मोजायचा भिंगरीचा मीटर होता. त्यांनी ड्रायरच्या मधोमध आठ आडव्या, आठ उभ्या अशा चौसष्ट जागा आखल्या आणि प्रत्येक जागी वेग मोजला. ड्रायर सांभाळणारी तानी धोडी नावाची बाई शेजारी उभी राहून बघत होती. चाळिशीची, सडपातळ, कमी बोलणारी. एकदाच म्हणाली, "साहेब, ह्या कोपऱ्यानं ट्रे मी आदी बदलून बघले. कोंचा बी ठेव, वलाच निंगतं."

"बघू," नागोराव म्हणाले आणि आकडा लिहून घेतला.

बोईसरला परत येऊन त्यांनी आकडे भरले. पडद्यावर रंगीत नकाशा आला. हवा मंद तिथं निळा, जोरात तिथं लाल. आणि खालचा डावा कोपरा चांगला नारिंगी होता! ड्रायरच्या बाकी भागापेक्षा तिथंच वेग जास्त होता. ऑफिसचा प्रिंटर काळाच छापायचा, म्हणून नागोरावांनी त्या कागदावर मुलीच्या रंगपेटीतले रंग भरले. इतके नीट, की शेठ म्हणाले, "हे फ्रेम करून लावा."

मग नागोरावांनी अहवाल लिहिला. 'सदर कोपऱ्यात हवेचा पुरवठा पुरेसा, किंबहुना जास्त आहे. यंत्रात दोष आढळत नाही. फोडी ओल्या राहण्याचे कारण ट्रे दाट भरणे हे असावे. ट्रे भरणाऱ्या व्यक्तीस सूचना द्यावी.' खाली सही, सोबत रंगीत नकाशा. आकडे समोर होते, चित्र समोर होतं. त्यांच्या मनात जराही शंका नव्हती.

फेब्रुवारीत सावेंचं दुसरं पत्र आलं. 'आपल्या अहवालानुसार सौ. तानी धोडी यांना ड्रायरवरून काढून फळे कापण्याच्या कामावर घातले. गेले पाच आठवडे नवसी नावाची दुसरी बाई ट्रे भरते. फोडी आजही ओल्याच निघतात.'

नागोरावांनी ते पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. 'ट्रे भरणाऱ्या व्यक्तीस' असं त्यांनी लिहिलं होतं. ती व्यक्ती कोण हे त्यांना ठाऊक होतं. पण लिहिताना तिचा चेहरा काही त्यांच्या समोर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते वाणगावला गेले.

फळं कापायच्या पडवीत दहा-बारा बायका गोल बसून चिकू सोलत होत्या. तानी त्यांच्यात होती. नागोरावांना पाहून ती उठली नाही, पण तिनं तोंडही फिरवलं नाही. हातातला चिकू सोलून झाल्यावर सुरी खाली ठेवली.

"तानीबाई, जरा ड्रायरपाशी येता का?"

"मी आता ड्रायरवर नाय. नवसी हाय."

"ठाऊक आहे. पण मला तुम्हाला विचारायचंय."

ती हात धुऊन आली. ड्रायर नुकताच थांबवला होता. नागोराव म्हणाले, "त्या कोपऱ्यात हवा जोरात आहे. मी मोजलंय. मग फोडी ओल्या का राहतात?"

"हवा नाय असा मी कवा बोलली?" तानी म्हणाली. "हवा हाय. पन वली हाय. तुमी डोका घालून बघा."

नागोरावांनी वाकून आधी उजव्या बाजूला डोकं घातलं. गरम, कोरडी हवा लागली. मग डाव्या कोपऱ्यात घातलं आणि त्यांना काही दिसेना. चष्म्यावर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा उजवीकडे डोकं घातलं. काच स्वच्छ राहिली. डावीकडे घातलं. पुन्हा धुकं.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. तानीला वाटलं त्यांना भोवळ आली.

"पानी देऊ?"

"नको. थांबा." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी हवा किती आहे ते मोजलं. ती कुठून येते नि कुठं जाते ते बघितलंच नाही."

तानीच्या दृष्टीनं यात नवीन काही नव्हतं.

परतीच्या गाडीत नागोरावांनी विचार केला तो असा. भिंगरी फिरते ती हवेच्या जोरानं. हवा पुढे निघून जाते की तिथल्या तिथं घुमते, हे भिंगरी सांगत नाही. एखाद्या कोपऱ्यात हवा गोल गोल घुमत राहिली, तर तिचा वेग भरपूर भरेल. पण ती फोडींतलं पाणी उचलणार आणि तेच पाणी घेऊन पुन्हा त्याच फोडींवर येणार. बाहेर काही ते पाणी जाणार नाही. पण हा नुसता अंदाज होता. एकदा अंदाजावर लिहून बसलो, आता मोजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

दिशा मोजायची साधी युक्ती त्यांना माहीत होती. बारीक दोरा हवेत धरला की हवा जाते तिकडे तो पडतो. घरी येऊन त्यांनी बायकोला, मैनाबाईंना, शिवणाची पेटी मागितली.

"आता काय शिवायलाव?" मैनाबाईंनी विचारलं.

"चौसष्ट दोरे पाहिजेत. चार-चार बोटं लांब. एकदम हलके."

"आन् कशाला?"

नागोरावांनी सांगितलं. कोपरा, फोडी, चष्मा, सगळं. तानीबद्दलही सांगितलं. मैनाबाई ऐकत रेशमी दोऱ्याचं रीळ उलगडत होत्या. दोरे सारखे यावेत म्हणून त्यांनी एक काडी मापाला घेतली होती. बरंच कापून झाल्यावर म्हणाल्या, "त्या बाईला कसं वाटलं आसंल वो. येवढ्या बायकांत."

"म्हणूनच चाललोय."

"मंग नीट मोजा या टायमाला," त्या म्हणाल्या आणि पुढचा दोरा कापला.

रविवारी ड्रायर बंद असे. नागोरावांनी कारखान्यातून ड्रायरच्या दाराच्या मापाची पारदर्शक प्लास्टिकची शीट कापून घेतली आणि तारेची एक चौकट केली. तिच्यावर आठाआठाच्या रांगांत दोरे बांधले. टेम्पोत घालून सगळं वाणगावला नेलं. मदतीला बाई पाठवतो असं सावेंनी सांगितलं होतं. आली ती तानीच.

"सुट्टीच्या दिवशी आलात," नागोराव संकोचून म्हणाले.

"मला बी बघायचा हाय," ती म्हणाली.

दाराऐवजी शीट लावली. पंखा सुरू केला आणि चौसष्ट दोरे एकदम जिवंत झाले. तानी बॅटरीचा झोत एकेका दोऱ्यावर धरी, नागोराव शीटवर कोनमापक टेकवून कोन वाचत आणि वहीत लिहीत. काही दोरे थरथरत, मग दोघं थांबून वाट बघत. तानीचा हात अजिबात हलत नव्हता. अडीच तास लागले. डाव्या भिंतीलगतचे दोरे वरपासून सरळ खाली ताणलेले होते, कारण तिकडूनच पंख्याची हवा खाली उतरत होती. कोपऱ्यातले दोरे मात्र वेगवेगळ्या दिशांना होते. एक इकडे, एक तिकडे. नुसत्या डोळ्यांनी त्यातून काही कळत नव्हतं.

"काय समजला?" तानीनं विचारलं.

"अजून काही नाही. चित्र काढल्यावर समजेल."

सोमवारी नागोराव संगणकापुढे बसले. प्रत्येक जागेचा वेग आणि कोन यांवरून आडवा वेग किती, उभा वेग किती, असे दोन आकडे कॅल्क्युलेटरवर काढावे लागत. चौसष्टचे एकशे अठ्ठावीस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते झालं. आकडे भरले, बाणांचा पर्याय निवडला आणि कळ दाबली.

पडद्यावर चौसष्ट बाण उमटले आणि नागोरावांचा चेहरा पडला. वादळात आडव्या-उभ्या झालेल्या गवतासारखं ते दिसत होतं. काही बाण सरळ भिंतीत घुसत होते. दोन शेजारचे बाण एकमेकांवर चालून येत होते. हवा अशी कधीच वाहत नाही. शेठ मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"चुकलंय काहीतरी."

"प्रोग्राम?"

"प्रोग्राम नसावा. मीच."

शेठ गेले. नागोरावांनी आकडे पुन्हा तपासले, सगळे बरोबर होते. त्यांनी चहा घेतला, हातपाय धुतले, पुन्हा येऊन बसले. मग आकड्यांकडे न बघता ते चित्राकडे बघत राहिले. सरळ खाली जाणारे आठ बाण चित्रात होते, पण ते वरच्या ओळीत, आडवे पसरून. आणि काल सरळ खाली ताणलेले आठ दोरे होते ते डाव्या भिंतीलगत, एकाखाली एक. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

त्यांनी वही उघडली. डिसेंबरात वेगाचे आकडे लिहिले होते ते उभ्या रांगांनी, वरून खाली. काल कोन लिहिले ते आडव्या ओळींनी, डावीकडून उजवीकडे, जसं आपण वाचतो तसे. प्रोग्राम बिचारा सगळे उभेच वाचत होता. प्रत्येक जागेचा वेग त्या जागेचा होता, पण कोन भलत्याच जागेचा. नागोराव मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसानं वर पाहिलं.

कोन पुन्हा मांडायला, आकडे काढायला पाच वाजले. कारखान्याची सुटी झाली तरी ते उठले नाहीत. कळ दाबली.

या वेळी बाण शहाण्यासारखे रांगेत उभे होते. डाव्या भिंतीलगत खाली येणारी हवा, मधल्या ट्रेंमधून उजवीकडे जाणारी हवा, उजव्या बाजूनं वर पंख्याकडे परतणारी हवा. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भोवरा. सोळा बाणांचं पूर्ण कडं. हवा भिंतीवरून खाली येई, तळावर आपटे, उजवीकडे वळे, वर चढे आणि पुन्हा भिंतीकडे. एकही बाण त्या कड्यातून बाहेर निघत नव्हता. पुस्तकात प्रवाहाच्या रेषा काढायचा पर्याय होता, तोही त्यांनी वापरला. बाकी ड्रायरभर रेषा वाहत्या पाण्यासारख्या गेल्या, कोपऱ्यात मात्र गोल गाठ पडली.

शेठ किल्ल्या हातात घेऊन दारात उभे होते. "नागोराव, घरी जायचं नाही का?"

"शेठ, इकडे या. आपलं ड्रॉइंग चुकलंय."

धर्माजी राऊत आले, खुर्ची ओढून बसले. नागोरावांनी बोटानं दाखवत सगळं सांगितलं. तळाचा कोपरा काटकोनात केला होता, तो वळणदार हवा होता. वाकवलेली एक पट्टी बसवली तर हवा आपटण्याऐवजी ट्रेकडे वळेल.

"एवढंच?" शेठ म्हणाले. "पट्टी तर उद्याच वाकवतो. त्यांना साधं पत्र लिहा, सुधारणा करून देत आहोत म्हणून."

"सुधारणा लिहितो. पण मागच्या पत्रात त्या बाईबद्दल लिहिलंय, ते मागं घ्यायला पाहिजे. ते मी लिहिलं होतं."

"कंपनीच्या कागदावर चूक कबूल करायची?"

"माझी म्हणून लिहितो. चूक माझीच आहे. ड्रॉइंगही माझं, अहवालही माझा."

शेठनी पडद्यावरच्या त्या गोल गाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. मी पण सही करतो खाली. आणि याची एक प्रत माझ्या टेबलावर ठेवा. पुढचा कुठलाही ड्रायर त्याचं असं चित्र बघितल्याशिवाय मी बाहेर सोडणार नाही."

बुधवारी पट्टी बसली. नागोरावांनी दोरे पुन्हा लावले, तानीनं पुन्हा बॅटरी धरली. या खेपेला कोन कुठल्या क्रमानं लिहायचे ते वहीवर आधीच लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. चित्र काढायच्या आधीच कोपऱ्यातले दोरे उजवीकडे झुकलेले दिसत होते. तरी त्यांनी चित्र काढलंच. बाण आता कोपऱ्यातून बाहेर पडून ट्रेंकडे जात होते.

शुक्रवारी सकाळी ते दोन्ही चित्रं आणि पत्र घेऊन वाणगावला गेले. नवसीनं ड्रायरचं दार उघडलं. सगळ्या बायका काम सोडून भोवती जमल्या होत्या. तानीनं खालच्या डाव्या कोपऱ्यातला ट्रे ओढला, एक फोड उचलली, वाकवून बघितली, मग तोंडात टाकली. चावत चावत तिनं दुसऱ्या ट्रेमधली एक उचलली.

"सारकी हाय," ती म्हणाली.

सावेंनी सगळ्यांसमोर पत्र वाचून दाखवलं. 'ट्रे भरण्यात कोणतीही चूक नव्हती. सौ. तानी धोडी यांनी प्रथमपासून सांगितलेले निरीक्षण अचूक होते. माझ्या अहवालामुळे त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.' वाचून होईपर्यंत तानी जमिनीकडे बघत होती. एक म्हातारी बाई तिला कोपरानं ढोसून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तानीही हसली.

"मग तानीबाई, उद्यापासून पुन्हा ड्रायरवर," सावे म्हणाले.

"नको," तानी म्हणाली.

सावे आणि नागोराव दोघंही चमकले.

"ड्रायरपाशी एकली बसून मी कटाळली होती. हिकडं बायका हायत, बोलना होतं." तिनं नवसीकडे पाहिलं. "एक हप्ता ती करंल, एक हप्ता मी करीन. चालंल?"

नवसीनं लगेच मान हलवली. सावेंनी वहीत तशी नोंद केली.

नागोराव निघाले तेव्हा तानी म्हणाली, "आता जेवूनच जा." पडवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कुणीतरी घरून आणलेली वालाची भाजी निघाली. नागोराव हिंगोलीचे, ज्वारीवर वाढलेले. पण सतरा वर्षांत सुकटीची चव त्यांच्या जिभेवर चांगली बसली होती. जेवताना तानीनं ती दोन चित्रं मागून घेतली आणि मांडीवर शेजारी-शेजारी ठेवली.

"हे काय हाय?" तिनं एका बाणाला बोट लावलं.

"वारा. बाणाचं टोक तिकडे वारा जातो. बाण लांब, तर वारा जोरात."

ती बोटानं बाणांमागून बाण गेली. डाव्या भिंतीवरून खाली, तळापर्यंत, मग कोपऱ्यात गोल. एकदा, दोनदा, तीनदा. बोट बाहेर पडेना.

"आंगाशी!" ती म्हणाली आणि तिनं शेजारणीला कागद दाखवला. "बघ गो, हा असा फिरं. तीच हवा, तीच हवा."

मग तिनं दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. या खेपेला ते कोपऱ्यात वळून ट्रेंमधून सरळ उजवीकडे निघालं आणि वर पंख्यापाशी पोहोचलं. कागद हातोहात बायकांमध्ये फिरू लागला. प्रत्येक बाई एकदा बोट फिरवून बघत होती. एकीच्या हाताला चिकूचा चीक होता, तो कागदाला लागला, तेव्हा तानी तिच्यावर ओरडली.

सव्वादोनची गाडी त्या गडबडीत चुकली. पुढच्या गाडीला दीड तास होता. नागोरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, एक सुरी मागून घेतली आणि बायकांच्या घोळक्याच्या कडेला बसून चिकू सोलायला घेतले. त्यांची साल जाड निघत होती. तानीनं दोन चिकू बघितले, मग त्यांच्या हातातली सुरी घेतली आणि कशी धरायची ते दाखवलं.